चांगल्या मुलाचा प्रश्न

दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडली की आम्ही शिक्षक एक जुनी युक्ती करतो. वर्गात जो मुलगा सर्वांत जास्त दंगा करतो, त्यालाच मॉनिटर नेमतो. खडू आणायचे, हजेरीचे रजिस्टर ऑफिसात पोचवायचे, पोरांना गप्प बसवायचे, या कामांत तो गुंततो आणि वर्ग शांत होतो. स्टाफरूममध्ये आम्ही आपलीच पाठ थोपटून घेतो. पण एका वर्षी पहिल्या बाकावरच्या एका मुलाने मधल्या सुट्टीत आम्हाला गाठले. तो कधी उशिरा आला नव्हता, कधी कोणाच्या अंगावर धावून गेला नव्हता. खाली मान घालून तो म्हणाला, "सर, मैंने कभी शरारत नहीं की, इसलिए मेरा नंबर नहीं लगा ना?"

बी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर होता, पण या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. आम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि घंटेचे निमित्त करून वर्गात निघून गेलो.

हाच प्रश्न अमेरिकेत एका अख्ख्या शहराला पडला. तिथे तो मॉनिटरपदाचा नव्हता, जीवनमरणाचा होता. सॅन फ्रान्सिस्कोजवळ, उपसागराच्या पलीकडच्या काठावर रिचमंड नावाचे शहर आहे. वस्ती जेमतेम लाखाच्या घरात. २००७ साली तिथे ४७ खून झाले. त्याच वर्षी नगरपालिकेने पोलीस खात्याहून वेगळे असे एक कार्यालय उघडले: ऑफिस ऑफ नेबरहूड सेफ्टी. डेव्होन बोगन त्याचे प्रमुख झाले. वस्त्यांत फिरण्यासाठी त्यांनी जी माणसे नेमली, त्यांतले अनेकजण स्वतः तुरुंगाची हवा खाऊन आलेले होते.

२०१० साली या कार्यालयाने जे केले त्याची चर्चा दूरवर झाली. शहरात गोळी झाडण्याची किंवा गोळीला बळी पडण्याची शक्यता ज्यांच्याबाबत सर्वांत जास्त, असे मूठभर तरुण त्याने निवडले आणि त्यांना दीड वर्षाची फेलोशिप दिली. कार्यकर्त्याने रोज भेटायचे, फोन करायचा, शिक्षण, नोकरी, व्यसन, घरची भांडणे यांचा एक आराखडा तरुणासोबत बसून तयार करायचा. शत्रू टोळीतल्या मुलाबरोबर प्रवास करायची तयारी दाखवली तर बाहेरगावची सहलही घडायची. सहा महिने जो टिकेल आणि ठरवलेल्या वाटेवर चालेल, त्याला पुढचे काही महिने दरमहा १००० डॉलरपर्यंत भत्ता.

साहजिकच ओरड झाली. पालिका गुंडांना पगार देते, असे लोक म्हणू लागले. भत्त्याची रक्कम मुख्यतः खाजगी देणग्यांतून येत होती, कार्यालयाचा आणि माणसांचा खर्च पालिका करत होती, हा खुलासा खरा होता. पण तो हिशेबवहीचा खुलासा झाला. ज्या आईचा मुलगा त्याच गल्लीत राहून बंदुकीला शिवला नाही, किराणा दुकानात पोती उचलत राहिला, तिच्या मनातला सवाल त्याने मिटत नाही. माझ्या मुलाने काय घोडे मारले होते?

यावर पहिले उत्तर व्यवहाराचे आहे. एका गोळीमागे इस्पितळ, पोलीस, कोर्ट आणि तुरुंग यांवर जो पैसा जातो, त्यापुढे हा भत्ता किरकोळ. शिवाय परिणाम दिसला: २०१४ साली रिचमंडमध्ये ११ खून झाले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हिशेब मांडला की या कार्यक्रमानंतर बंदुकीमुळे होणारे मृत्यू आणि इस्पितळाच्या फेऱ्या वर्षाला ५५ टक्क्यांनी कमी झाल्या. मात्र बंदुकीविना होणारी हिंसा थोडी वाढल्याचेही त्याच अभ्यासाने नोंदवले. राग गेला नव्हता, हातातले हत्यार बदलले होते, असे म्हणायला जागा आहे. तरीही मूठ आणि गोळी यांत एका जिवाचे अंतर असते.

पण नुसता व्यवहार हा इन्साफ नव्हे. जो जास्त घाबरवतो त्याला जास्त द्यायचे, हा सौदा झाला. आपल्याकडेही गडचिरोलीत शस्त्र खाली ठेवून येणाऱ्या नक्षलवाद्यांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्र सरकार २००५ पासून पैसे देत आले आहे. तिथेही ज्याने कधी शस्त्र उचलले नाही त्याने विचारले, माझे काय, तर त्याला मत्सरी म्हणून गप्प बसवता येणार नाही.

आम्हाला वाटते, उत्तर दुसऱ्या बाजूने शोधावे लागेल. रिचमंडच्या त्या तरुणांना शेवटी काय मिळाले? रोज विचारपूस करणारा एक मोठा माणूस, पुढच्या आयुष्याचा एक कागद, खिशात थोडे पैसे आणि गावाबाहेरचे जग पाहण्याची संधी. सुखवस्तू घरातल्या मुलाला हे सगळे न मागता मिळते. ते बक्षीस नव्हते, थकलेले देणे होते. सरकारने ते उशिरा आणि भीतीपोटी चुकवले. मग तेच देणे पोती उचलणाऱ्या मुलाचेही थकलेले आहे. म्हणजे त्याची तक्रार फेलोशिपच्या विरुद्ध जात नाही. ती फेलोशिपच अपुरी ठरवते.

आणि एक गोष्ट त्या आईलाही ठाऊक असणार. चांगला मुलगा त्याच रस्त्याने कामावर जातो. गोळी चारित्र्याचा दाखला मागत नाही. शेजारच्या पोराने बंदूक खाली ठेवली, तर पहिला फायदा तिच्याच घराचा. पण तेवढ्यावर समाधान मान, असे तिला सांगण्याचा हक सरकारला नाही. सरकारी थैली फक्त बंदूक पाहूनच सुटत असेल, तर धाकट्या भावंडांना चुकीचा धडा सरकारच शिकवते.

पुढे हा मामला एका शहराचा राहिला नाही. अमेरिकेत २०२३ साली बंदुकीने सुमारे ४६ हजार ७०० माणसे मेली. त्यांत निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. त्यांच्यापर्यंत असे कार्यक्रम पोचत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. तरी रस्त्यावरच्या हिंसेसाठी २०२२ च्या केंद्रीय कायद्याने वस्त्यांतल्या अशा कामाला पाच वर्षांसाठी २५ कोटी डॉलर ठरवले. मग एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने शेकडो अनुदाने मुदतीआधीच रद्द केली. खात्याच्या अग्रक्रमात ती बसत नाहीत, असे कारण दिले. त्यांत अशा संस्थांचीही अनुदाने होती.

पैसा द्यावा की नाही, यावर सरकारचे मत बदलू शकते. पण मध्येच हात सोडणे हा वेगळा गुन्हा आहे. या कामात डॉलर हे वरचे नाणे. खरे नाणे शब्दाचे. "उद्या फोन करतो" असे कार्यकर्त्याने म्हटले आणि दुसऱ्या दिवशी फोन आला, एवढ्यावर तो तरुण हळूहळू विश्वास ठेवतो. ज्याला जन्मभर सगळ्यांनी वाऱ्यावर सोडले, त्याला पुन्हा एकदा सोडले, तर तो पुढच्या माणसाचे ऐकेल का? अर्धवट सोडलेल्या मुलाला पुन्हा वर्गात आणणे किती कठीण, हे शिक्षकाला सांगावे लागत नाही.

आम्ही त्या दंगेखोर मुलाचे मॉनिटरपद काढून घेतले नाही. दिलेला शब्द होता तो. पण पुढच्या आठवड्यात पहिल्या बाकावरच्या त्या मुलाला बोलावले आणि वर्गातल्या पुस्तकपेटीची चावी त्याच्या हातात दिली. त्याला वाटले, आपण विचारले म्हणून मिळाली. तसे नाही, असे आम्ही त्याला सांगितले. चावी त्याच्या हकाचीच होती, उशीर आमच्याकडून झाला होता.