ठिगळाचे सत्य

हाताने गाठी मारून विणलेला जुना गालिचा एकाएकी नष्ट होत नाही. प्रथम त्याची झालर झिजते, मग कडेची शिवण सुटते. अंधारात दुमडून ठेवला तर कसर लागते. ओल राहिली तर सुती ताणा कुजतो. काळसर तपकिरी लोकर तर पुष्कळदा इतर रंगांच्या आधी नाहीशी होते, कारण तो गडद रंग बसविण्यासाठी वापरलेला लोहयुक्त क्षार लोकरीला वर्षानुवर्षे खात असतो. ज्या द्रव्याने रंग पक्का केला, त्यानेच धाग्याचे आयुष्य कमी केले. असा गालिचा दुरुस्त करावा काय, आणि करावयाचा तर कशा रीतीने, हा प्रश्न वरवर पाहता केवळ कारागिरीचा वाटतो. थोडे खोल गेल्यास तो नीतीचाही प्रश्न आहे, असे दिसून येते.

दुरुस्तीचे काम फार संथ असते. कारागीर छिद्राभोवतालचे जीर्ण धागे काढीत धडधाकट विणीपर्यंत पोहोचतो. मग नवे उभे धागे तो जुन्या विणीत दोन्ही बाजूंनी आतवर ओवतो, त्यांतून आडवा बाणा घालतो आणि मूळ गाठ तुर्की धाटणीची असेल तर तुर्की, इराणी असेल तर इराणी, अशी एकेक गाठ मारतो. शेवटी कात्रीने नवी लव जुन्या लवेच्या उंचीला आणतो. मंजिष्ठेचा लाल, निळीचा निळा, डाळिंबाच्या सालीचा पिवळा, असे रंग त्याला जुळवावे लागतात. तेही मूळ रंगाशी नव्हे, तर दोनशे वर्षे ऊन खाऊन उतरलेल्या रंगाशी. जुन्या वस्त्राला लावलेल्या कोऱ्या कापडाच्या ठिगळाचा शुभवर्तमानातील दृष्टांत वाचकांच्या परिचयाचा आहे. त्यामागील व्यवहारज्ञान या कारागिरांना रोजच्या अनुभवाने ठाऊक असते. नवा धागा फार बळकट आणि फार ताणलेला असेल, तर तो आपल्या शेजारच्या अशक्त धाग्यालाच तोडतो. दुरुस्ती करणाऱ्याने जुन्याच्या दुर्बलतेचा मान राखावयाचा असतो.

परंतु याच कसबाच्या शेजारी दुसरेही एक कसब नांदत असते. झिजून पांढरा पडलेला ताणा शाईने रंगवून लव शाबूत असल्याचा भास निर्माण करता येतो. नवा गालिचा चहाच्या पाण्यात किंवा रसायनात धुऊन त्याला जुनेपणाची कळा आणता येते. जीर्ण भाग कापून काढून, उरलेले तुकडे सांधून, लहान पण अखंड भासणारा गालिचा बाजारात ठेवता येतो. येथेही हात कुशलच असतात. मग प्रामाणिक दुरुस्ती आणि फसवणूक यांमधील सीमारेषा कोणती?

यावर एक उत्तर असे की, दुरुस्ती दिसलीच पाहिजे. रोम येथील पुनःस्थापन संस्थेचे पहिले संचालक चेझारे ब्रांदी यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असा विचार मांडला की, भरून काढलेला भाग दुरून पाहणाऱ्याच्या आस्वादात खंड पाडणारा नसावा, मात्र जवळून पाहणाऱ्याला तो ओळखू यावा. आजची संग्रहालये बहुधा याच्याही पुढे जातात. ती नव्या गाठी मारतच नाहीत. फाटक्या भागाला मागून आधाराचे कापड शिवतात, आणि उद्या कोणाला ते काढावेसे वाटले तर मूळ वस्तूला इजा न होता काढता यावे, अशी दक्षता घेतात. याउलट घरात रोज वापरावयाच्या गालिच्याला छिद्र पडले, तर ते ओळखू न येईल असे विणून घेण्यात कोणते पाप आहे? वस्तू वापरासाठी असते आणि तिचे सौंदर्य परत मिळावे ही इच्छा निर्मळ आहे. म्हणून केवळ दिसणे अथवा न दिसणे ही खरी कसोटी होऊ शकत नाही.

या प्रश्नाची दुसरी बाजू अर्दबीलच्या गालिच्यांच्या इतिहासात दिसते. वायव्य इराणातील अर्दबील येथे सफवी घराण्याचे पूर्वज शेख सफी यांची समाधी आहे. तेथील म्हणून ओळखले जाणारे दोन जोडीचे गालिचे हिजरी सन ९४६, म्हणजे इ. स. १५३९-४० मध्ये पूर्ण झाले. त्यांवर मकसूद काशानी हे नाव विणलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते जीर्णावस्थेत व्यापाऱ्यांच्या हाती आले. तेव्हा एका गालिच्याचे भाग घेऊन दुसरा पुरा करण्यात आला. पूर्ण झालेला गालिचा, सुमारे साडेदहा मीटर लांबीचा, १८९३ साली दोन हजार पौंडांना लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने घेतला. तेच आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय. ज्याचे भाग घेतले गेले तो जोडीदार किनार गमावून, सुमारे सात मीटरांचा होऊन, धनिकांच्या एका संग्रहातून दुसऱ्या संग्रहात फिरत राहिला. १९५३ मध्ये जे. पॉल गेटी यांच्या देणगीने तो लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात स्थिरावला.

या खरेदीची शिफारस करणाऱ्यांत विल्यम मॉरिस होते. जुन्या इमारतींना जीर्णोद्धाराच्या नावाखाली नवे रूप देण्याच्या प्रथेविरुद्ध १८७७ साली संस्था स्थापन करणारे हेच मॉरिस. आधाराने सावरावे, पण खोटे जुनेपण निर्माण करू नये, असा ज्यांचा आग्रह, त्यांनीच शिफारस केलेला गालिचा दुसऱ्याच्या अंगावरील विणीने सावरलेला होता.

या दुरुस्तीला दोष द्यावा काय? गालिच्याला वेदना नसतात. दोन्ही तसेच राहते, तर जगाने एकही पूर्ण स्वरूपात पाहिला नसता. हा युक्तिवाद हलका नाही, आणि तो निकालात काढण्याचा अधिकार आपल्याला नाही. तथापि ज्याच्यापासून घेतले, त्याचे एक ऋण निश्चितच उरते. ते ऋण म्हणजे घेतल्याची नोंद. आज संग्रहालय ही हकीकत उघडपणे सांगते, आणि त्यामुळे गालिच्याची प्रतिष्ठा तिळमात्र उणी झालेली नाही.

गालिच्यांबाबत जे चालून जाते ते माणसांबाबत चालत नाही, हे मात्र स्पष्ट आहे. कारण माणसांना वेदना असतात. तरीही आपल्या घरांतून हेच घडत आले आहे. एका मुलाचे शिक्षण पुरे व्हावे म्हणून त्याच्या बहिणीची शाळा सुटते. एका भावाच्या धंद्याची बुडती बाजू सावरण्यासाठी दुसऱ्याच्या वाट्याची जमीन विकली जाते. पुढे तो मुलगा मोठ्या हुद्द्यावर चढतो, धंदा भरभराटीस येतो, आणि समारंभात त्यांच्या जिद्दीचे कौतुक होते. बहीण त्या वेळी स्वयंपाकघरात असते. कदाचित तिने ते प्रेमाने दिले असेल. कदाचित तिला कोणी विचारलेही नसेल. विचारले नसेल, तर तो अन्याय पुढे कितीही कौतुक केले तरी मिटत नाही. परंतु प्रेमाने दिले असले, तरी तिचे नाव न घेणे ही दुसरी लूट होय. पहिल्या वेळी तिची शाळा गेली, दुसऱ्या वेळी तिचे देणेच पुसले गेले.

जाणकार मनुष्य गालिचा विकत घेण्यापूर्वी तो उलटा करून पाहतो. पुढून लवेखाली झाकलेली दुरुस्ती मागच्या बाजूने पुष्कळदा ओळखू येते. तेथे गाठींच्या ओळी किंचित वाकतात, धाग्याची जाडी बदलते, नवा ताणा कोठून ओवला आहे ते समजते. प्रामाणिक विक्रेता स्वतःच कोपरा उचलून ती जागा दाखवितो. दुरुस्ती करणाऱ्याने समोरचे सौंदर्य खुशाल अखंड करावे. मात्र गालिचा उलटण्याची कोणाला मनाई नसावी, आणि विचारणाऱ्याला खरे उत्तर मिळावे. कुटुंबाच्या प्रतिष्ठेलाही हीच कसोटी लावावयास हवी. ज्या घरात मुले विचारू शकतात की हा धागा कोणाचा, आणि वडीलधारी माणसे त्या आत्याचे किंवा त्या काकांचे नाव घेऊन उत्तर देतात, त्या घराची वीण सांधलेली असली तरी खरी असते.