वेदना, भोग आणि शुश्रूषा : एक विचार

वऱ्हाडातील एका वासनिकाच्या घरी गेल्या वर्षी भिक्षेच्या निमित्ताने जाणे झाले. त्या घरची वडील स्त्री अकरा वर्षांपासून आमवाताने पीडित आहे. हातांची बोटे वाकली आहेत, गुडघे सुजलेले असतात, आणि पहाटे अंथरुणावरून उठावयाचे म्हणजे तास-दीड तास देहाशी झुंज घ्यावी लागते. दंडवत प्रणाम झाल्यावर तिच्या सुनेने दाराशी उभे राहून विचारले, "बाबा, सासूबाईंचा हा भोग आहे असे सारे म्हणतात. भोग भोगूनच संपत असेल तर आम्ही औषध देऊन तो लांबवीत तर नाही ना?" पुढे थोडे थांबून तिने हळूच म्हटले, "आणि कधी कधी त्या सुटल्या तर बरे, असे मनात येते. त्याचे पाप मला लागेल काय?"

त्या वेळी मी जे उत्तर दिले त्याने माझेच समाधान झाले नाही. म्हणून हा विचार येथे थोडा सविस्तर मांडतो.

प्रथम पूर्वपक्ष नीट पाहू. जीवाने केलेल्या कर्माचे फळ त्याला भोगावे लागते, हे आपल्या शास्त्राला मान्यच आहे. तेव्हा वेदना हे कर्मफळ असेल तर ती औषधाने थांबविणे म्हणजे ऋण फेडावयाचे सोडून मुदत वाढवून घेणे होय, असे पूर्वपक्षाचे म्हणणे. वरवर पाहता हे बिनतोड दिसते. परंतु असे म्हणणाऱ्याने एवढाच विचार करावा की, क्षुधा हीदेखील देहाला लागलेली पीडाच आहे. आपण भिक्षुक रोज झोळी घेऊन गावात जातो, अन्न मागतो आणि ती पीडा शमवितो. तिचा भोग शिल्लक राहिला, असे आजवर कोणा साधकाने म्हटल्याचे ऐकिवात नाही. मग क्षुधेला अन्न चालते आणि सांध्याच्या दाहाला औषध चालत नाही, हा भेद कोणत्या प्रमाणावर उभा आहे? भोग किती, कोठवर आणि कशाने सरावयाचा, हे आपणांस ठाऊक नाही. कदाचित औषध लाभणे हेही त्याच जीवाच्या कर्माचे फळ असेल.

आता लीळेकडे वळू. शिकाऱ्यांच्या कुत्र्यांच्या भयाने पळत आलेला ससा सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या आश्रयाला येऊन दडला, ही लीळा आपल्यापैकी लहान मुलांनाही ठाऊक आहे. त्या सशाचे भय आणि त्याच्या मागे लागलेला मृत्यू हेही कर्माधीनच होते. स्वामी तर सर्वज्ञ. त्या जीवाचे कर्म त्यांच्यापासून लपलेले नव्हते. तथापि, "हा तुझा भोग, तू भोग," असे म्हणून त्यांनी त्याला बाहेर लोटले नाही. त्याला अभय दिले आणि शिकाऱ्यांना परावृत्त केले. ज्यांना त्या जीवाचे सारे कर्म दिसत होते त्यांनी रक्षण केले. ज्यांना त्यातले काहीच दिसत नाही असे आपण मात्र रोग्याच्या उशाशी उभे राहून कर्मसिद्धांत सांगतो!

येथे आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. "परमेश्वर परीक्षा पाहतो आहे," असे उद्गार हल्ली आपल्या वासनिकांच्या घरीही ऐकू येतात. हे आपले शास्त्र नव्हे. कर्माचे फळ देणे हे देवतांकडे आहे. परमेश्वर कृपाळू आहे, तो जीवाला सोडविणारा आहे. कोणा वृद्धेची बोटे वाकवून तो तिची परीक्षा घेतो, अशी कल्पना करणे म्हणजे त्याच्या कृपाळुत्वालाच बाध आणणे होय.

खरा प्रश्न सेवकाचा आहे. रोग्याचा भोग रोग्यापाशी. परंतु त्याच्याजवळ बसून आपण जे करतो किंवा करावयाचे टाळतो, ते आपले नवे कर्म. "भोग आहे" हे वाक्य वेदना सोसणारा स्वतःविषयी म्हणेल तर त्यात विवेक असू शकतो. तेच वाक्य दुसऱ्याने म्हटले की बहुधा त्यात आळस असतो. हे मी अनुभवाने लिहितो. आमच्या मठात माझे एक वृद्ध गुरुबंधू कंबरेच्या दुखण्याने रात्रभर कण्हत असत. एके रात्री मी त्यांना म्हटले, "दादा, भोग आहे, सोसावा." ते म्हणाले, "सोसतोच आहे. तू आधी पाठ चोळून दे, मग शास्त्र सांग." इतक्या वर्षांच्या अध्ययनात मला सुचले नव्हते ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

या रोगाविषयी घरच्यांनी थोडे जाणून घेतले तरी पुष्कळ अनर्थ टळतील. आमवाताचे स्वतंत्र निदान माधवनिदानात आले आहे, म्हणजे हा काही आजचा रोग नव्हे. आजचे वैद्यक असे सांगते की यात देहाची रोगप्रतिकारक शक्तीच आपल्या सांध्यांच्या अस्तरावर उलटते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा दोन ते तीन पट अधिक आढळतो. यावर दिले जाणारे मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते. त्याचा गुण दिसावयास सहा ते बारा आठवडे लागतात. त्या घरी नेमके हेच घडले होते. तीन आठवड्यांत गुण नाही म्हणून औषध बंद केले, पुढे कोणाच्या सांगण्यावरून अन्य देवतेला नवस बोलले गेले. अनन्यता तर गेलीच, आणि मध्यंतरी बोटे वाकली ती वाकलीच. आपल्याही काही स्थानांवर रोग्याला आणून ठेवतात व वैद्याकडे नेत नाहीत. स्थानाला नमन अवश्य करावे, पण रोग्याला स्थानी बसवून औषध बंद ठेवणे ही श्रद्धा नव्हे, हे महंतांनी स्पष्ट सांगावयास हवे.

राहिला त्या सुनेचा दुसरा प्रश्न. अकरा वर्षे रात्री-अपरात्री उठणाऱ्या मनात असा विचार येणे हा थकव्याचा उद्गार आहे; त्याला हिंसा म्हणता येणार नाही. तो विचार मनात येऊनही ती पहाटे पाणी तापवावयास उठते, हे तिचे कर्म. मला खरी चिंता वाटली ती तिच्या पतीची. हा गृहस्थ प्रत्येक प्रवचनाला पुढे बसतो, उपहाराला सढळ हाताने देतो, पण मातेचे पाय त्याने किती वेळा चेपले असतील, कोण जाणे. शुश्रूषा ही एकट्या सुनेच्या वाट्याला यावी, असा आचार कोठेही सांगितलेला नाही. मी त्याला ते घरातच, सर्वांसमक्ष सांगितले. त्याला ते रुचले नाही.

निघताना त्या वृद्धेने आपले दुःख सांगितले, आणि ते वेदनेचे नव्हते. "बाबा, मांडी घालता येत नाही, स्मरण होत नाही," असे म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आले. नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरण हे अंतःकरणाने करावयाचे आहे, ते पडूनही होते, असे तिला सांगितले. आणि ज्या दिवशी वेदनेने मन ठरतच नाही, त्या दिवशी दुसऱ्याने वाचावे, तिने ऐकावे.

या चैत्रात पुन्हा त्या गावी गेलो होतो. औषध पूर्ववत सुरू झाले आहे. सूज उतरली आहे, वाकलेली बोटे तशीच आहेत. पहाटे सांधे मोकळे होईपर्यंतचा जो कठीण तास, त्यात आठवीत शिकणारा नातू उशाशी बसून लीळा वाचतो. जुन्या मराठीतले शब्द तो अडखळत वाचतो, आणि आजी पडल्या पडल्या त्याचे उच्चार सुधारून देते. गरम पाण्याची पिशवी आता मुलगा भरून आणतो. सून त्या वेळी निजलेली असते.