जो निवडतो, तो चालत नाही

नोकरीला लागून चार महिने झाले होते. नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात मी परचेस विभागात होते आणि माझ्या टेबलावर तीन कोटेशनं होती. वस्तू एकच: ॲसिडच्या टाक्यांच्या कडेने जाणारा, जमिनीपासून साडेतीन मीटर उंचीवरचा वॉकवे. जुना गंजला होता. पहिलं कोटेशन साध्या लोखंडी चेकर्ड प्लेटचं, वरून रंग. दुसरं गॅल्व्हनाइज्ड जाळीचं. तिसरं एफआरपी जाळीचं, म्हणजे काचतंतू आणि रेझिनपासून केलेल्या जाळीचं. तिसऱ्याची किंमत पहिल्याच्या जवळपास अडीच पट.

मी एक्सेल शीट उघडली आणि तुलना करायला घेतली. त्या वॉकवेवर मी तोवर एकदाही चढले नव्हते.

तिथे वीस वर्षं काम केलेले एक ऑपरेटर होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. त्यांना विचारलं, कुठला बरा? ते हसले. म्हणाले, "मॅडम, कागदावर तिन्ही बरेच असतात. एकदा थर्ड शिफ्टला येऊन बघा. आणि हातात बादली घेऊन चढा."

मी गेले. रात्री अकरानंतर, हातात बादली घेऊन. एक हात बादलीत अडकला की कठड्याला धरायला एकच उरतो, ही गोष्ट कुठल्याच कोटेशनात नव्हती. वाफेने प्लेट ओली होती. चेकर्ड प्लेटवरची नक्षी पाय घसरू नये म्हणून असते, पण वर्षानुवर्षांच्या चालण्याने मधली वाट गुळगुळीत झाली होती. पाणी आणि तेल त्यावर साचून राहत होतं. जाळीवर ते साचत नाही, खाली गळून जातं. पण मग जाळीतून नट-बोल्टही खाली पडू शकतो, खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर. म्हणजे 'सुरक्षित' म्हणताना आधी विचारायला हवं, कोणासाठी? वरच्यासाठी की खालच्यासाठी?

आणि ॲसिडची वाफ. ती गॅल्व्हनाइजिंगचं जस्त खाते, मग लोखंड खाते. प्लेट खालच्या बाजूने गंजते आणि वरून रंगामुळे धडधाकट दिसते. एफआरपीला ही वाफ सहसा खात नाही, पण त्याला आगीची आणि उन्हाची काळजी घ्यावी लागते. निर्दोष पर्याय कुठलाच नाही. म्हणूनच तो निवडावा लागतो. आणि निवड आली की जबाबदारी आली.

कायदा याबद्दल काय म्हणत आला? १९४८च्या कारखाने अधिनियमाचं कलम ३२ जिने, वाटा आणि गँगवे यांच्याबद्दलच होतं. त्या मजबूत असाव्यात, गरज असेल तिथे भक्कम कठडे असावेत, कामाच्या प्रत्येक जागी पोचायला सुरक्षित वाट असावी. पण या शेवटच्या अटीला एक शेपूट होतं: 'वाजवीपणे शक्य असेल तितपत'. २०१९ आणि २०२०मध्ये संसदेने जुने श्रम कायदे चार संहितांमध्ये गुंफले, तरी हा प्रश्न काही मिटत नाही. वाजवी म्हणजे किती? आणि ते ठरवायचं कोणी?

इंग्लंडमध्ये १९४९ साली याच शब्दांवरून एक खटला गाजला. खाणीतल्या वाटेची कड ढासळून एक खाणकामगार मेला होता. न्यायालयाने तराजूची कल्पना मांडली: एका पारड्यात धोका, दुसऱ्यात तो टाळायला लागणारा पैसा, वेळ आणि त्रास. खर्च धोक्याच्या मानाने अतिप्रचंड असेल, तरच मालकाला सूट.

तराजू चांगलाच आहे. अंबडमधला छोटा कारखानदार अमर्याद पैसे आणणार कुठून? वॉकवेवर सगळे घातले तर वाफ खेचणारा पंखा राहील. कारखाना बंद पडला तर कठडाही नको आणि पगारही नको. हा मुद्दा खोटा नाही. अडचण वेगळी आहे. खर्चाच्या पारड्यात ठोस आकडा असतो, जीएसटीसकट. धोक्याच्या पारड्यात 'कदाचित', 'कोणीतरी', 'कधीतरी' असतं. आणि तराजू ज्याच्या हातात, तो त्या वाटेने चालत नाही.

'शक्य' हा शब्द किती लवचिक असतो, ते महाराष्ट्राने एकदा पाहिलं आहे. २९ सप्टेंबर २०१७ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पादचारी पुलाच्या जिन्यावर पावसात चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. नव्या पुलाला मंजुरी आधीच मिळाली होती, पण पूल झाला नव्हता. दुर्घटनेनंतर लष्कराला बोलावलं गेलं आणि २०१८च्या फेब्रुवारीअखेरीस नवा पूल उभा होता. पाच महिन्यांत. लोखंड तेच, नदी-डोंगर काही मध्ये आले नव्हते. बदललं एवढंच, की 'कोणीतरी' या शब्दाच्या जागी २३ नावं आली.

तर नावं येण्याआधी आपल्याला तो धोका दिसू शकतो का? मला वाटतं, नीतीचा खरा प्रश्न इथे आहे.

आमच्या मीटिंगमध्ये एक उत्तर लगेच आलं: "स्वस्तातला घेऊ आणि सगळ्यांना सेफ्टी बेल्ट देऊ." ऐकायला समंजस वाटतं. पण बेल्ट आणि कठडा यांत फरक आहे. बेल्ट रोज आठवणीने घालावा लागतो, हुक योग्य जागी अडकवावा लागतो. विसरलात तर चूक तुमची. कठडा काहीच मागत नाही. आयएसओ १४१२२ या मानकात कठड्याची उंची किमान ११०० मिलिमीटर आहे. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण बेंबीच्या आसपास असतो, कठडा त्याच्या वर हवा, म्हणजे तोल गेला तरी माणूस आतच राहतो. कठडा तुम्ही दमलेले आहात का, रात्री मूल आजारी होतं का, घरी भांडण झालं का, हे विचारत नाही. माणूस चुकणार हे गृहीत धरून तो उभा असतो.

शेवटी साधी प्लेट घेतली गेली. तुलनेच्या कागदावर माझी सही आहे. मी शेऱ्यात एफआरपी सुचवली होती, पण एका ओळीत, आणि पुन्हा विचारलं नाही.

तीन वर्षं झाली. कोणीही पडलं नाही. गेटजवळच्या फलकावर 'शून्य अपघात' लिहिलेलं आहे. मग माझी सही बरोबर ठरली का?

१९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोघांनी या कोड्याला 'नैतिक नशीब' असं नाव दिलं. दोन ड्रायव्हर सारखेच बेफिकीर. एकासमोर मूल येतं, दुसऱ्यासमोर येत नाही. आपण पहिल्याला गुन्हेगार म्हणतो आणि दुसऱ्याला काहीच म्हणत नाही. मला वाटायचं, मी तो दुसरा ड्रायव्हर आहे. सुटले.

नोकरी सोडण्याआधी एकदा पुन्हा वर गेले, तेव्हा कळलं की तेही खरं नाही. प्लेटवर ठिकठिकाणी जुनी पोती अंथरली होती. एका कोपऱ्याला लाल पट्टी बांधली होती. काका म्हणाले, "तिथे पाय नाही ठेवायचा. नवीन पोरगं आलं की आधी हे सांगतो. आणि बादली कोणी एकटं नेत नाही. दोघं जातात."

म्हणजे अपघात नशिबाने टळला नव्हता. तो रोज कोणीतरी टाळत होतं. आम्ही वाचवलेले पैसे कुठे गेले नव्हते. ते पाळीतली माणसं हप्त्याने भरत होती, लक्ष देऊन, एकमेकांसाठी थांबून, पोती बदलून. आमच्या हिशेबात तो खर्च कुठल्याच रकान्यात नव्हता, म्हणून आम्हाला ती बचत वाटली.

तुमच्यापैकी कोणी उद्या असंच एखाद्या टेबलावर बसाल. वॉकवे नसेल, तर डिलिव्हरी ॲपमधली वेळेची मर्यादा असेल, होस्टेलचा जिना असेल, सोसायटीची लिफ्ट असेल. तेव्हा तत्त्वज्ञान आठवलं नाही तरी चालेल. सही करण्याआधी एकदा रात्री, हातात बादली घेऊन, त्या वाटेने चालून या. मी चालून आले होते, तरी सही केली. म्हणून आणखी एक सांगते: खाली उतरल्यावर जे पाहिलं ते एका ओळीत संपवू नका. "नको" ऐकलं तर दुसऱ्यांदा विचारा.

काका पुढच्या वर्षी निवृत्त होतील. लाल पट्टीचा अर्थ त्यानंतर नव्या पोराला कोण सांगेल, हे मी फोन करून विचारलं. ते म्हणाले, "बघू." परवा मी जुन्या साहेबांना ईमेल लिहिली आहे, त्या कोपऱ्याच्या फोटोसकट. उत्तर अजून आलेलं नाही. सोमवारी पुन्हा लिहीन.