भीमथडी घोड्यांचे रंग

भीमेच्या काठाने शिरूर आणि दौंड तालुक्यांत वाढलेल्या भीमथडी घोड्याला भारतातील देशी अश्वजाती म्हणून अधिकृत मान्यता मिळाली आहे. या घोड्यांत कुमाईत रंग सर्वाधिक दिसतो: अंग तांबूस-तपकिरी, आयाळ, शेपूट आणि पायांचा खालचा भाग काळा. तांबडे आणि सबजे घोडेही आढळतात.

घोड्याचा मूळ रंग मुख्यतः दोन जनुकांवर ठरतो. पहिले जनुक काळे रंगद्रव्य बनू देते किंवा रोखते. दुसरे ते आयाळ, शेपूट आणि पायांपुरते मर्यादित ठेवते. पहिल्याच्या दोन्ही प्रती अप्रभावी असल्या, तर घोडा तांबडा होतो. काळे द्रव्य बनते पण मर्यादित राहते, तेव्हा कुमाईत. मर्यादा नसेल, तर काळा. दोन्ही जनुकांचे प्रभावी व अप्रभावी प्रकार एखाद्या कळपात समसमान असून संकर मुक्तपणे होत असेल, तर 16 शिंगरांत सरासरी 9 कुमाईत, 4 तांबडी आणि 3 काळी निपजतील.

सबजा रंग मात्र वेगळ्या जनुकाचा. सबजे शिंगरू गडद जन्मते आणि वयाबरोबर पांढरे होत जाते. वरातीत मिरवणारी अनेक पांढरी घोडी अशीच सबजी असतात. या रंगाला कारणीभूत असलेला जनुकीय बदल 2008 मध्ये उलगडला. त्याची एकच प्रत पुरते. तरीही जगभर सबज्यांपेक्षा कुमाईत घोडे अधिक आहेत. जनुक प्रभावी असले म्हणून ते कळपात बहुसंख्य होत नाही. ते किती पसरेल, हे पैदाशीसाठी कोणता वळू निवडला जातो यावर ठरते.

रंगांच्या प्रमाणात म्हणूनच माणसाच्या गरजा उमटतात. प्राचीन हाडांतील डीएनएच्या अभ्यासानुसार रानटी घोड्यांत रंगवैविध्य थोडे होते. माणसाळल्यानंतर, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीपासून, ते झपाट्याने वाढले. दख्खनेत समुद्रमार्गे शतकानुशतके अरबी घोडे येत राहिले आणि अरबी घोड्यांत सबजा रंग पुष्कळ असतो. त्या काळी लष्कराला वेग आणि दम हवा होता. शिरूर तालुक्यातील आलेगाव पागा या गावाच्या नावातील पागा, म्हणजे घोड्यांचा तबेला, त्या लष्करी काळाची साक्ष देते. पुढे भीमथडी घोडा टिकवला तो मुख्यतः धनगरांनी. मेंढरांमागे रानोमाळ हिंडताना बिऱ्हाड, भांडीकुंडी आणि नवजात कोकरे पाठीवर वाहणाऱ्या घोड्यात पाय आणि पाठ बळकट हवी, रंग दुय्यम.

मान्यतेमुळे ही जात शौकिनांच्याही नजरेत भरेल आणि ठरावीक रंगाला मागणी येऊ शकेल. संख्येने थोड्या असलेल्या जातीत केवळ रंगावरून वळू निवडले, तर पैदास मोजक्या वंशांत अडकेल आणि चिवटपणा देणारी इतर जनुके गळून पडतील. नोंदीत रंग जरूर लिहावा. निवड मात्र चालीवर, खुरांवर आणि ओझे पेलण्याच्या ताकदीवर व्हावी.