मैत्रेयीला विचारता आलं

बृहदारण्यक उपनिषदातला याज्ञवल्क्य आणि मैत्रेयीचा संवाद शिकवायला घेतला की माझा वर्ग जागा होतो. नवरा असो, बायको असो, मुलं असोत की धन, त्यांच्या प्रियपणाचं मूळ आत्म्यात आहे, असं याज्ञवल्क्य तिथे सांगतो. एम. ए.च्या एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, म्हणजे प्रेम शेवटी स्वतःसाठीच ना? मग मला समाधान मिळत नसेल तर नातं सोडायला काय हरकत?" तिचा मित्र बंगळुरूला नोकरीला. तिच्या मेसेजवर निळ्या खुणा उमटायच्या, उत्तर यायचं नाही आणि तिची रात्र जागण्यात जायची.

अद्वैताचं उत्तर तयार आहे: हा आत्मा म्हणजे उशाशी फोन घेऊन तळमळणारा 'मी' नव्हे, समाधान बाहेर मागू नकोस. सिद्धान्त म्हणून मी ते मानते. पण विशीतल्या मुलीला तेवढंच सांगून वाटेला लावणं मला निष्ठुर वाटतं. जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने दाखवलं की आईची कुशी हाकेच्या अंतरावर आहे, ही खात्री असलेलं मूलच निर्धास्त दूर रांगतं. सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी 1987 मध्ये हेच सूत्र तरुणांच्या प्रेमाला लावलं. कुणाला, जोडीदार सोडून जाईल ही धास्ती सतत छळते, कुणाला जवळीकच नकोशी होते. ज्या 'मी'ने आत वळायचं, तोही कुणाच्या तरी भरवशावरच उभा राहिलेला असतो.

2020 मध्ये सामंथा जोएल आणि सहकाऱ्यांनी 43 अभ्यासांतल्या अकरा हजारांहून अधिक जोडप्यांची माहिती एकत्र तपासली. समाधानाचा अंदाज जोडीदाराच्या स्वभावावरून फारसा बांधता येईना. 'हा माणूस या नात्यात मनापासून आहे' असं आपल्याला वाटतं का, यावरून तो कितीतरी चांगला बांधता आला. विवाहमंडळांच्या फॉर्मवर उंची, पगार, आवडीनिवडी भरून घेणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा.

हे वाचल्यापासून मी संवादाच्या सिद्धान्ताइतकंच त्याच्या घडण्याकडेही बघते. याज्ञवल्क्य घर सोडून निघालाय, दोन बायकांत वाटणी करतोय. मैत्रेयी विचारते, या धनाने मी अमर होईन का? तो सरळ नाही म्हणतो. मग, तुला जे ठाऊक आहे ते मला सांग, असा तिचा आग्रह. त्यावर तो आधी, तू मला प्रियच होतीस, असं बोलून दाखवतो, तिला जवळ बसवतो आणि मग शिकवतो. मध्येच ती म्हणते, तू मला गोंधळात टाकलंस. तो चिडत नाही, पुन्हा समजावतो. आत्म्याचं एवढं मोठं ज्ञान या भरवशाच्या बोलण्यातून पुढे आलं, याला मी योगायोग मानत नाही. दुसरी बायको कात्यायनी. तिला बायकी शहाणपणापुरतंच कळत होतं, असं म्हणून ग्रंथ तिला बाजूला सारतो. तिला काय विचारायचं होतं, हे कुणी पाहिलंच नाही. तो अन्याय मला आजही बोचतो.

त्या मुलीला मी म्हटलं, सोडायचं की नाही हे तुझं तू ठरव. पण त्याआधी त्याला समोर बसवून, 'मी गोंधळलेय, मला नीट सांग' एवढं म्हण. तो काय उत्तर देतो यापेक्षा, ते म्हणताना तुला त्याची भीती वाटते का, ते बघ.