दैवाचा क्रमांक पाचवा



बंगळूर शहरात राजाजीनगर नावाची एक विस्तीर्ण वसाहत आहे. स्वातंत्र्याच्या आरंभकाळी ती वसली आणि चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे नाव तिला मिळाले. कारखान्यांत राबणाऱ्या माणसांची ही वस्ती. येथेच कामगार राज्य विमा योजनेचे मोठे रुग्णालय आहे. १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेली ही योजना कामगाराच्या वेतनातून कापलेल्या अंशावर आणि मालकाने घातलेल्या अंशावर चालते. म्हणजे हे रुग्णालय कोणाच्या दयेचे दान नव्हे. ते कामगाराच्या घामातून उभे राहिलेले आहे.

नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस या रुग्णालयाच्या जुन्या शवागारात दोन मृतदेह आढळले. जुलै २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत मृत्यू पावलेली ही दोन माणसे होती. नवे शवागार वापरात आले, जुन्याकडे कोणाचे लक्ष राहिले नाही, आणि सव्वा वर्षाहून अधिक काळ ते देह संस्कारावाचून तेथेच पडून राहिले. बातमी पसरताच सारे शहर हळहळले. कोणी डॉक्टरांना दोष दिला, कोणी महानगरपालिकेला, कोणी शासनाला. तेथील आमदार एस. सुरेशकुमार यांनी चौकशीची मागणी करणारे पत्र लिहिले. आणि पुष्कळांनी सुस्कारा टाकून म्हटले, “काळच तसा होता. दैवापुढे कोणाचे काय चालते?”

त्या दिवशी उमटलेल्या या दोन उद्गारांचा, संतापाचा आणि सुस्काऱ्याचा, गीतेच्या प्रकाशात विचार करावा, एवढ्यासाठीच हे विवेचन आहे. महामारी ओसरली. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये जागतिक आणीबाणी संपल्याचे घोषितही केले. परंतु साथी पुन्हा येतात. आणि साथ आली म्हणजे राज्यकर्त्यांची जशी परीक्षा होते, तशी प्रजेचीही होते.

प्रथम एका शंकेचे निरसन केले पाहिजे. कोणी म्हणेल, “गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी देहाला टाकून दिलेल्या जीर्ण वस्त्राची उपमा दिली आहे. आत्मा अविनाशी असेल तर दोन देह कोठे पडून राहिले, याचा एवढा शोक कशाला?” शंका वरवर शास्त्रीय दिसते, पण तीत एक घातक गोंधळ आहे. तो उपदेश शोकाने विव्हळ झालेल्या अर्जुनाला कर्तव्यावर उभे करण्यासाठी होता; कर्तव्य टाकणाऱ्याला पळवाट देण्यासाठी नव्हता. ज्या वचनाने अर्जुनाने धनुष्य उचलले, त्याच वचनाच्या आधाराने आपण हातातील काम खाली ठेवू लागलो, तर गीता आपल्याला उलटी कळली असे म्हणावे लागेल.

आणि ज्या महाभारताच्या पोटात गीता आहे, त्याच महाभारतात याचे उत्तरही आहे. युद्ध संपल्यावर कुरुक्षेत्रावर असंख्य देह पडले होते. त्यांत राजे होते, तसे दूरदेशीचे नावगावही ठाऊक नसलेले सैनिक होते; शत्रू होते, मित्रही होते. स्त्रीपर्वात वर्णन आहे की युधिष्ठिराने विदुर, धौम्य, संजय, युयुत्सु आदींना आज्ञा केली : सर्वांचे अंत्यसंस्कार यथाविधी करा, ज्याला कोणी नाही, असा एकही देह अनाथासारखा नष्ट होता कामा नये. लक्षात घ्या, अजून त्याचा राज्याभिषेकही झाला नव्हता. हातात आलेल्या सत्तेचे पहिले कर्तव्य त्याने हे मानले की जे बोलू शकत नाहीत, मागू शकत नाहीत, तक्रार करू शकत नाहीत, त्यांचे ऋण आधी फेडावे. आत्म्याचे अमरत्व युधिष्ठिराला ठाऊक नव्हते काय? होते. परंतु अंत्यसंस्कार हा केवळ मृताच्या गतीचा प्रश्न नाही; जिवंतांच्या धर्माचा तो प्रश्न आहे. राजाजीनगरच्या त्या दोन आत्म्यांचे काही उणे झाले नसेल. उणे झाले ते आपले.

आता संतापाकडे वळू. अनाचार पाहून चीड येणे हे सजीव मनाचे लक्षण आहे. परंतु चीड ही ठिणगी आहे. तिने दिवा लावता येतो, तसे घरही जाळता येते. मार्च २०२० मध्ये आपण दारात उभे राहून टाळ्या वाजविल्या, थाळ्या वाजविल्या. आणि त्याच दिवसांत ठिकठिकाणी डॉक्टर व परिचारिका यांना भाड्याच्या घरांतून निघून जाण्यास सांगण्यात आले. त्या एप्रिलमध्ये बंगळूरच्या पादरायनपुरा भागात आरोग्यकर्मचाऱ्यांवर जमाव धावून गेला. चेन्नईत तर एका डॉक्टरच्या दफनालाच विरोध झाला. अखेर आरोग्यसेवकांच्या रक्षणासाठी केंद्र शासनाला त्याच महिन्यात साथरोग कायद्यात वटहुकमाने दुरुस्ती करावी लागली. ज्या हातांनी टाळी वाजविली, त्याच हातांनी दगड उचलला, असे कोणाला वाटले तर तो अन्याय होणार नाही.

हे नवे नाही. ऑक्टोबर १८९६ मध्ये, मुंबईत प्लेगची साथ सुरू असता, आर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणीकामगारांचा मोठा जमाव चालून गेला होता. तेथे नेलेला माणूस परत येत नाही, ही भीती त्यांच्या मनात बसली होती. तेच रुग्णालय पुढे कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखले गेले आणि २०२० मध्ये मुंबईच्या पहिल्या कोरोनारुग्णांना त्यानेच आसरा दिला. भीतीला डोळे नसतात. तिला समोर दिसणारा मनुष्यच शत्रू वाटतो.

तर मग दोष कोणाचा, हे ठरवावयाचे तरी कसे? येथे गीतेचा अठरावा अध्याय आपल्या हाती एक कसोटी देतो. कोणतेही कर्म घडण्यास पाच कारणे लागतात, असे भगवान सांगतात. पहिले अधिष्ठान, म्हणजे ज्या आधारावर कर्म घडते तो आधार. दुसरा कर्ता. तिसरे करण, म्हणजे साधने. चौथ्या चेष्टा, म्हणजे अनेकांच्या नानाविध हालचाली. आणि पाचवे दैव. कर्म शुभ असो वा अशुभ, ही पाचही त्याच्या मुळाशी असतात. जो एकालाच सारे कर्तृत्व देतो, त्याची दृष्टी अपुरी आहे.

ही कसोटी व्यवहारात लावून पाहा. राजाजीनगरच्या घटनेत अधिष्ठान कोणते? ते जुने शवागार, जे वापरातून गेले पण रिकामे झाले आहे की नाही हे ज्याच्याबाबत कोणी पाहिले नाही. कर्ता कोण? ज्यांच्याकडे त्या दिवसांत त्या दाराची जबाबदारी होती ते. आणि साथीच्या पहिल्या लाटेत ही माणसे स्वतःही भयभीत व थकलेली असतील, हे विसरू नये. करण कोणते? नोंदवही. आत किती आले आणि बाहेर किती गेले, एवढे दोन आकडे ताडून पाहिले असते तरी पुरे होते. चेष्टा कोणत्या? त्या काळी कोरोनाने दगावलेल्यांचा अंत्यविधी नातेवाइकांच्या हाती नव्हता. तो पालिकेच्या देखरेखीखाली होई. रुग्णालयाने देह सांभाळावा, पालिकेने तो न्यावा. एका हाताने सोडावे आणि दुसऱ्याने धरावे, अशा त्या दोन हातांच्या मधल्या जागेत ते दोन देह राहून गेले. आणि पाचवे दैव : ती महामारी, जी कोणी बोलावली नव्हती.

भगवंतांनी दैव नाकारले नाही. पण त्याचा क्रमांक पाचवा आहे, हे ध्यानात धरावे. सुस्कारा टाकणारा मनुष्य पाचवे कारण उचलून पहिल्या जागी बसवितो आणि उरलेली चार झाकून टाकतो. संतापलेला मनुष्य दुसरे कारण, म्हणजे कर्ता, तेवढा पकडतो आणि उरलेली चार सोडून देतो. एक कर्मचारी बडतर्फ झाला की त्याचे समाधान होते. नोंदवही मात्र तशीच राहते, आणि पुढच्या साथीत तीच चूक दुसऱ्या दारामागे घडते. दोघेही अर्धेच पाहतात. गीता सांगते, पाचही पाहा. आणि दैवाचे नाव घेण्याआधी पहिल्या चारांचा हिशेब पुरा करा.

याचा अर्थ कर्त्याला मोकळे सोडावे असा नाही. त्याच अध्यायात कर्त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. धैर्य व उत्साह यांनी युक्त आणि अहंकाररहित तो सात्त्विक. फळासाठी हपापलेला तो राजस. आणि आळशी, आजचे काम उद्यावर व उद्याचे परवावर ढकलणारा तो तामस. त्याचप्रमाणे आपल्या वाट्याचे नियत कर्म मोहाने सोडून देणे हा तामस त्याग होय, असेही तेथे म्हटले आहे. आपण तामस म्हटले म्हणजे क्रूर राक्षसाचे चित्र डोळ्यांपुढे आणतो. गीतेचा तामस कर्ता बहुधा असा भयंकर दिसत नाही. तो शांतपणे आपल्या खुर्चीवर बसलेला असतो. त्याने कोणाला मारलेले नसते. त्याने फक्त एक दार उघडून पाहिलेले नसते.

परंतु न्यायाने बोलावयाचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एप्रिल-मे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत बंगळूरच्या स्मशानांत जागा पुरेना, तेव्हा शहराबाहेर तावरेकेरे व गिड्डेनहळ्ळी येथे उघड्यावर चिता रचाव्या लागल्या. तेथील कामगार दिवसरात्र त्या धगीत उभे होते. पुष्कळांच्या अस्थी न्यावयास कोणी आलेच नाही. तेव्हा जून २०२१ मध्ये कर्नाटक शासनाने अशा पाचशेहून अधिक मृतांच्या अस्थी मंड्या जिल्ह्यातील बेळकवाडी येथे कावेरीच्या प्रवाहात विधिपूर्वक विसर्जित केल्या. युधिष्ठिराची आज्ञा तेथे पाळली गेली, असे म्हणण्यास हरकत नाही. आणि त्याच दिवशी राजाजीनगरच्या बंद दारामागे ते दोन देह होतेच! ज्या राज्यात हे पुण्यकर्म घडले, त्याच राज्यात ही हेळसांडही चालू होती. म्हणून “सरकार नालायक आहे” हे जसे अर्धसत्य, तसे “सरकारने सर्व काही केले” हेही अर्धसत्यच.

मग गृहस्थाने काय करावे? उत्तरासाठी आपल्या महाराष्ट्राकडे पाहू. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला. रोग्यांना वेगळे ठेवणे अवश्य होते. परंतु रँडच्या अधिकाराखाली गोऱ्या सोजिरांनी घराघरांत शिरून जी झडती चालविली, तिने लोक होरपळले. कोणी गाव सोडून पळाले. २२ जून रोजी गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. लोकमान्य टिळकांनी दोन कामे एकाच वेळी केली. ‘केसरी’तून त्यांनी जुलमावर कठोर टीका केली, आणि गाव न सोडता हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उभे करण्यात ते झटले. त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पुढे मंडालेच्या तुरुंगात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले आणि १९१५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. कर्मयोगाचा जो सिद्धान्त त्यांनी त्यात मांडला, तो ते पुण्याच्या गल्लीत आधीच जगले होते.

त्याच साथीत सावित्रीबाई फुले आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करीत होत्या. त्या सेवेतच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. टिळक आणि सावित्रीबाई यांचे सामाजिक मार्ग किती भिन्न होते, हे सर्वांस ठाऊक आहे. पण रोग्याच्या अंथरुणापाशी दोघांचा धर्म एक झाला. ज्याने सेवा केली, त्याच्या टीकेला धार येते. आणि ज्याने टीकेचे धैर्य दाखविले, त्याची सेवा लाचार होत नाही.

बंगळूरचाही असाच दाखला आहे. १८९८ मध्ये तेथे प्लेग आला आणि दाट वस्तीच्या जुन्या पेठांत त्याने हाहाकार केला. त्या धड्यातून मल्लेश्वरम् व बसवनगुडी या रुंद रस्त्यांच्या, मोकळ्या हवेच्या वसाहती वाढीस लागल्या. राजाजीनगर आज याच मल्लेश्वरम्‌च्या शेजारी आहे. त्या पिढीने केवळ दैवाला बोल लावला असता, तर त्या वसाहती तशा वाढल्या नसत्या. तिने अधिष्ठान बदलले.

म्हणून, वाचकहो, पुढच्या वेळी शासनाच्या वा रुग्णालयाच्या चुकीची वार्ता कानी येईल, तेव्हा सतराव्या अध्यायातील वाणीचे तप आठवावे. बोलणे सत्य असावे, हितकर असावे, दुसऱ्याचे मन विनाकारण पेटविणारे नसावे. खातरजमा न केलेली बातमी दहा जणांस धाडणे हे त्या तपाचा भंग आहे. पण सत्य माहीत असून भिडेखातर गप्प बसणे हाही भंगच आहे. निंदा-स्तुती समान मानावी, हे स्वतःस होणाऱ्या निंदेविषयी सांगितले आहे. दुसऱ्यावर झालेला अन्याय समान मानावा असे कोठेही सांगितलेले नाही. तेव्हा खाली नाव घालून अर्ज लिहावा. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा हाताशी आहे, तो वापरावा. चौकशी मागितली तर तिचे पुढे काय झाले, हे सहा महिन्यांनी पुन्हा विचारावे. आपला संताप आठ दिवसांत शमतो, हे प्रत्येक तामस कर्त्याला पक्के ठाऊक असते. त्याचा सारा भरवसा आपल्या विसराळूपणावर असतो.

आणि आपण स्वतः जेथे कर्ता आहोत, त्या कचेरीत, त्या शाळेत, त्या दुकानात, त्या घरात, रोज दिवे मालविण्यापूर्वी एकदा पाहावे : आपल्या नोंदवहीत आले किती आणि गेले किती, कोणाचे काम राहून गेले, कोणते दार उघडावयाचे राहिले. एवढे करून मग उरलेले खुशाल भगवंतावर सोपवावे. पाचव्या क्रमांकाचे दैव तोच सांभाळील. पहिली चार त्याने आपल्या स्वाधीन केली आहेत.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥