पश्चिमेची भिंत

नागपुरात दोन भावांनी हमरस्त्यालगत शेजारी-शेजारी प्लॉट घेतले. दोन्ही पश्चिममुखी. थोरल्याचा ट्रान्सपोर्टचा धंदा, धाकट्याचं सीएचं ऑफिस.

थोरल्याने रस्त्याला समांतर लांबलचक इमारत उठवली, दर्शनी बाजूला खालपासून गच्चीपर्यंत काच. धाकट्याने आधी जुन्या मिस्त्रीला जागा दाखवली.

मिस्त्री म्हणाला, "भाऊ, दक्षिणेचं ऊन सोपं. भर दुपारी सूर्य वर असतो, छज्जा त्याला अडवतो. जूनमध्ये तर तो जवळपास डोक्यावरच. वाईट ते पश्चिमेचं. चार वाजता तिरपं होऊन छज्ज्याखालून शिरतं. एकदा आत आलं की बाहेर काढायला वीज जाळावी लागते. बाहेरच अडवलं तर सावलीवर भागतं."

धाकट्याने इमारत रस्त्याशी काटकोनात घातली. खिडक्या फक्त उत्तर-दक्षिणेला, दक्षिणेवर खोल छज्जे. पश्चिमेला जिना, स्टोअररूम आणि कोरी जाड भिंत. गच्चीवर पांढरे चिनीमातीचे तुकडे.

"रस्त्याकडे पाठ करून कोणी ऑफिस बांधतं का रे?" थोरला म्हणाला.

"दादा, पाठ उन्हाला केलीय."

मे उजाडला, पारा 45 अंशांवर गेला. तीन वाजले की थोरल्याच्या ऑफिसात पडदे ओढले जात. पडदे ओढले की अंधार, म्हणून भर उन्हात ट्यूबलाइट. तरी काचेजवळच्या टेबलावर हात ठेववत नसे. कारकुनाने काचेवर आतून वर्तमानपत्रं चिकटवली होती. उजेडासाठी लावलेल्या काचेची ही गत पाहून वाईट वाटतं. काच मुळात वाईट नाही. उत्तरेला तीच काच दिवसभर शांत उजेड देते, आणि धाकट्याकडची माणसं त्याच उजेडात वह्या तपासत होती. एसी त्याच्याकडेही होते. नागपूरचा मे नुसत्या छज्ज्यावर निघत नाही. पण ते लहान होते, 24 वर लावलेले, आणि मधूनमधून बंद राहायची त्यांना सवड मिळे.

बिलं शेजारी ठेवून पाहिल्यावर थोरल्याने मिस्त्रीला बोलावलं. त्याने काचेच्या बाहेरून, हातभर अंतर सोडून, फिरवता येणाऱ्या उभ्या पट्ट्या बसवल्या. गच्ची पांढरी केली. वर्तमानपत्रं निघाली, दिवे विझले, बिल उतरलं. धाकट्याइतकं मात्र नाही.

"आणखी काय करता येईल?" थोरल्याने विचारलं.

"आता काही नाही, भाऊ. इमारतीचं तोंड नकाशावरच फिरवता येतं."